बिनजिन्याचं घर

सेलू,
दि. १२ ऑक्टोबर २०२५

ती. आत्याबाई,

राजेश्रीचा पाया पडून नमस्कार. मी इकडं मजेत हाय, दवाखान्यातली ड्युटी नेहमीसारखी. फोनवर तुमची खुशाली विचारली की तुमी "बरी हाय, ठेवते" म्हणता अन् ठेवूनच देता. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चौथी शिकलेल्या हाव तुमी, चष्मा लावा अन् निवांत वाचा.

बातमी अशी की मी घर घेतलं. व्हय, विकत! बँकेचं कर्ज मंजूर झालं अन् परवा रजिस्ट्रीबी झाली. सही केली. बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला अन् इतकं हलकं वाटलं म्हणता, एकटीच हसायले. चहावाला म्हणला, "काय ताई, लॉटरी लागली का?"

तीन महिने पायाला भिंगरी होती. सिद्धोधन नावाचा एजंट होता संगं. बारा लाखाच्या वर जायचं न्हाई, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यानं आधी एक नवीकोरी बिल्डिंग दाखवली. दुसरा मजला, फरशी चकचकीत, बजेटातबी बसत होतं. मी जिना पाहिला अन् नको म्हणलं. "ताई, या वयात जिन्याला काय भेता?" म्हणून तो हसायला.

दुसरं स्टेशनजवळ, खालीच होतं, पण संडास आंगणाच्या पार पलीकडं अन् वाटेत शेवाळ. तेबी नको. तिसरं देवगाव फाट्याच्या रोडला. ते मला लय आवडलं होतं, खरं सांगते, काय ते किचन! पण चारी बाजूला रिकामे प्लॉट, दिवसभर बोलायला माणूस न्हाई. सिद्धोधन वैतागला. "तुमी दिवसभर ड्युटीवर. बोलायला माणूस कुणाला पाहिजे?"

मी म्हणलं, "तुमी घरं दाखवा, चौकशा नका करू."

चौथं हे. दोन खोल्या, रंग उडालेला, किचन म्हणजे नुसता कोपरा. नळाला आठवड्यानं पाणी येतं, पण हौद मोठा हाय. दारात एकच बुटकी पायरी. संडास आतच, भिंतीला धरायला दांडा बसवून घेतला. शेजारच्या वट्यावर दोन म्हाताऱ्या वाती वळत बसलेल्या असतात, तोंडं अखंड चालू. घर विकणारे किशनराव पोराकडं राहायला निघाले होते. त्यांनी विचारलं, "घरात माणसं किती?" माझ्या तोंडून निघून गेलं, "दोघी."

सिद्धोधन हळूच म्हणला, "ताई, हे आधी सांगायचं ना."

आता तुमालाबी सांगते. मागल्या हिवाळ्यात तुमी न्हाणीत पडल्या, ते मला कळलंय. भावजी अन् त्यांची बायको ऊसतोडीला गेले की आपली अख्खी आळी कुलूपबंद. उठून संडासला जावं लागंल म्हणून दोन दिवस तुमी पाणीसुद्धा धड पिल्या न्हाईत. शेजारच्या पारूबाईनं सांगितलं तवा मी ड्युटीवरच रडले. रोज दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या उठवून बसवते मी, अन् माझीच तिकडं पडून! महारुद्र भावजींवर राग न्हाई माझा. पोटामागं जायलेत ते. आईला इकडं धाडता का म्हणून त्यांना मी विचारलं तर म्हणले, "वैनी, आई ऐकतच न्हाई. कोणत्या तोंडानं जाऊ तिच्याकडं, म्हणते."

आत्याबाई, हरिओम मला टाकून गेला, दुसरा संसार थाटला, ते त्यानं केलं. तुमी न्हाई. सगळे म्हणत होते हिला माहेरी धाडा, तवा दारात आडव्या कोण झाल्या? म्हशीचं दूध विकून मला नर्सिंगला कोणी घातलं? लाजायचं त्यानं. तुमी काऊन तोंड लपवता?

मी अजून भाड्याच्या खोलीतच हाय. नव्या घरात पाय ठेवला न्हाई राहायला. दिवाळीच्या आधी भावजी तुमाला घेऊन येणार हायेत, नाही म्हणायचं न्हाई. उंबऱ्यावर मी तांदळाचं माप भरून ठेवणार हाय. तुमच्या घरात माप मी ओलांडलं होतं, या घरात तुमी ओलांडा. म्हातारी विधवा अन् माप ओलांडायली म्हणून बाया नावं ठेवतील. ठेवू द्या! अन् गुडघ्याचं कारण सांगू नका, माप मी लहानच घेतलंय.

हरिओमची आता कुणी न्हाई,
पण तुमची सूनच,
राजेश्री