पौडचं इंग्लिश फार्महाऊस

६ जानेवारी
ठरलं. पौडच्या प्लॉटवर इंग्लंडातल्या तीनशे वर्षं जुन्या फार्महाऊससारखं घर. उघडी लाल वीट, उतरतं छप्पर, भक्कम चिमणी. जन्मभर ऑफिसात दुसऱ्यांच्या स्लाइड्स तपासल्या. हे एक तरी माझ्या मनासारखं होणार. नीता म्हणाली, आधी आपल्या सिंगापुरातल्या, बुओना व्हिस्टाच्या फ्लॅटमधला गळका नळ बघ. बायकोला व्हिजन नाही.

१३ जानेवारी
साइटवर माझे सासरे, अण्णा. कंट्रोल माझा, इथून. सिंगापूर अडीच तास पुढे, म्हणजे गवंडी उठायच्या आत सूचना तयार. विटा फ्लेमिश बॉन्डमध्ये: एकीची लांब बाजू, शेजारचीचं नुसतं तोंड. अण्णांना तासभर समजावलं. ते म्हणाले, स्विमिंग पूल कुठे घ्यायचा? फार्महाऊस म्हटल्यावर पूल हवाच म्हणे.

२ मार्च
मीटिंगांमुळे कॉल राहिले. छपराच्या जागी स्लॅब पडलाय. अण्णा म्हणाले, मग पापड कुठे वाळत घालायचे? मुद्दा रास्त आहे. इंग्लंडात पापड नाहीत म्हणून त्यांना उतार परवडला. शिवाय घराचा आत्मा विटेत असतो. उद्यापासून रोज कॉल.

२१ एप्रिल
चिमणी झकास. तिच्यावर पाण्याची टाकी बसवलीये. कडक मेल लिहिली. नीता म्हणाली, माझ्या वडिलांना असली मेल पाठवून तर बघ. तत्त्वाच्या प्रश्नावर मी माघार घेत नाही. मेल ड्राफ्टमध्ये आहे.

११ मे
पश्चिमेच्या भिंतीचा फोटो आला. उन्हात लालभडक. एक लांब, एक तोंड, कुठे चूक नाही. MRT ट्रेनमध्ये उभ्या उभ्या बघत राहिलो, उतरायचं स्टेशन गेलं. डोळ्यांत पाणी आलं. लगेच अण्णांना बजावलं, काहीही करून ही भिंत जपा. ते म्हणाले, पावसाआधी बंदोबस्त करतो, माझ्याकडे लागलं.

१ जून
व्हिडिओ कॉल. अण्णांनी सरप्राइज दिलं. लोक विचारायला लागले होते, जावयाचं घर अर्धवट का राहिलं? त्यांना ते सहन होईना. स्वखर्चानं आतून-बाहेरून गिलावा केला, वर क्रीम कलर. आता कसं चारचौघांसारखं दिसतंय, म्हणाले. आवाज भरून आला होता त्यांचा. थँक यू म्हणालो.

नीताला घर पहिल्यांदाच आवडलं. आमच्या जाईनं विचारलं, नाइस लाह डॅड, बट विच वन इज अवर्स? रांगेत तीन घरं दिसत होती, तिन्ही क्रीम. मी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणालो, हे मधलं.

अण्णा म्हणाले, ते नव्हे, त्याच्या शेजारचं.