चौकटीतली दुपार

३ फेब्रुवारी

मेले! आठ वर्षांनी अंगाशी आलं.

सकाळच्या बैठकीत आमच्या संस्थेच्या प्रमुख, मॅडम, नाचायच्याच बाकी होत्या. आमच्या नळयोजनेला निधी देणाऱ्या परदेशी संस्थेतल्या बाई चोवीस तारखेला येणार. पुढची तीन वर्षं द्यायची की नाही, ते स्वतः बघून ठरवणार. आणि त्यांची एक खास इच्छा — त्या 'दुपारवाल्या बाईंना' भेटायचंय! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

'घरात नळ आला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा दुपार मिळाली.' — एक लाभार्थी, वय ३४.

ही बाई नाहीच. ती मी केलीय.

आठ वर्षांपूर्वी, पहिल्या अहवालाची पानं लावताना एक चौकट रिकामी होती. वस्त्यांवरचा मजकूर यायचा होता. मांडणीवाला म्हणाला, "ताई, काहीतरी दोन ओळी टाका हो, किती बसतंय ते बघू." मी टाकल्या. नंतर बदलणार होते. दुसऱ्या दिवशी तापाने आडवी झाले ती पाच दिवस. उठले तेव्हा अहवाल छापून आला होता आणि ती चौकट सगळ्यांना आवडली होती!

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. पुढच्या वर्षी तेच वाक्य मुखपृष्ठावर. मग कॅलेंडरवर. मग मॅडमच्या भाषणात, दरवर्षी, शेवटी, आवाज खाली आणून. आणि या सगळ्याची संपादक कोण? मीच!

४ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी

मॅडमनी विचारलं, "सापडल्या का बाई? कुठल्या वस्तीच्या?" मी म्हटलं, "शोधतेय." शाबास!

मांडणीवाल्याला सगळं आठवतंय. चहा घेताना हळूच म्हणाला, "एखादी उभी करू या की, ताई. दोन ओळी तर पाठ करायच्यात. कोण विचारतंय?"

खोटं कशाला लिहू — जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला ते पटलं होतं. कोणती बाई शोभेल, तेही मनात ठरवून झालं होतं. मग दुसऱ्या एका अहवालाचा गठ्ठा पुढे ओढला. पहिल्याच पानावर 'महिलांनी आनंद व्यक्त केला.' सवयीने समासात लाल पेन्सिलीने लिहिलं: कोण म्हणालं? कधी? आणि हात तसाच थांबला. वीस वर्षं हे दोन प्रश्न लिहून दुसऱ्यांना छळतेय. माझ्यामुळे एकदा एका मुलाने मोटारसायकलवरून चाळीस किलोमीटर जाऊन एका आजीचं नाव विचारून आणलं होतं.

घरी जेवण जाईना. आई म्हणाली, "ऑफिसचं काही आहे का?" म्हटलं, "आहे." "मग नको सांगूस. तुझे ते अहवाल ऐकले की मला झोप येते. नवी गोष्ट लिहिली असशील तर दे."

माझ्या गोष्टींना वाचक एकच, ती आई. रोज दुपारी भिंग घेऊन खिडकीशी बसते. मासिकांकडून साभार परत आलेलं सगळं साहित्य तिने दोन-दोनदा वाचलंय. आणि माझं जे एकुलतं एक वाक्य गाजलं, ते असं!

९ फेब्रुवारी

सांगितलं!!

मॅडम आधी हसल्या. मग त्यांना कळलं. "अगं, आठ वर्षं मी ते वाक्य म्हणतेय. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं!" मी म्हटलं, "मला माहितीये." "निधी गेला तर चाळीस वस्त्यांचे नळ यायचे राहतील, कळतंय का तुला?" तेही माहीत होतं. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "पत्र तू लिही. सही तुझी. आणि त्यांनी तुला काढायला सांगितलं, तर मी मध्ये पडणार नाही."

पत्र लिहिलं. दोन पानं झाली. वाचलं, तर नुसती रडारड. ताप काढला, मांडणीवाला काढला, 'अनवधानाने' काढलं. उरल्या चार ओळी. हे वाक्य मी रचलं. अशी बाई नाही. आठ वर्षं गप्प बसले, ही चूक माझी. खऱ्या बायका काय म्हणतात ते विचारून अहवाल नव्याने लिहिते. वाचायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

पाठवलं. रात्री जेवण गेलं!

११ फेब्रुवारी

उत्तर आलं. एकच ओळ — 'येतेय. त्यांनाच ऐकायचंय.'

रागाने लिहिलंय की कसं, काही कळत नाही. पंधरा वेळा वाचलं.

१४ फेब्रुवारी

तीन दिवस वस्त्यांवर. सोबत कोणी नको म्हटलं. एक वही आणि पेन्सिल.

'नळामुळे काय मिळालं?' असं विचारलं की बायका शहाण्यासारखं बोलतात — फार बरं झालं, उपकार झाले. तेव्हा प्रश्नच बदलला. काल सकाळपासून काय काय केलंत, सांगा. मग जे सुरू झालं! पेन्सिल पुरेना.

"नळ दहाला येतो. दहाला आम्ही शेतावर. तुमचा नळ बघायचा कोणी?"

"दोन तास जास्त झोपते. एवढंच. पण झोपते!"

आणि एक दणकट बाई, हात पुसत — "आधी पाण्याला जायचे, तेवढीच तासभर सासूपासून सुटका. आता पाणीच घरात आलं. मी जाऊ कुठे?" सासू दारातच बसलेली. तीही खो खो हसली! म्हणाली, "लिहा, लिहा. मलाही सुटका होती तेवढीच."

एकूण त्रेसष्ट बायका. दुपारबद्दल एकीनेही चकार शब्द काढला नाही. जरा लागलं मला. नको तिथे लेखिका!

१९ फेब्रुवारी

अहवाल तयार. एकशे वीस पानांचा एकवीस पानांवर आणला. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत — नळाची वेळ चुकली आहे. मॅडमनी वाचला. "आपल्याच अहवालात आपलीच चूक?" म्हटलं, "हो." त्यांनी पान उलटलं, सासूपर्यंत आल्या, आणि इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. "जाऊ दे. बुडायचंच असेल तर हसत बुडू."

२४ फेब्रुवारी

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

सभागृह भरलेलं. दणकट बाई व्यासपीठावर, सासू पहिल्या रांगेत. पाहुण्या बाईंसाठी मॅडम भाषांतर करत होत्या. सासूचं आलं तसं मॅडमनी गुळमुळीत काहीतरी सांगितलं. दणकट बाईने लगेच पकडलं — "एवढे लोक हसले आणि त्या हसल्या नाहीत. पुरतं सांगा त्यांना!" मॅडमनी पुरतं सांगितलं. पाहुण्या बाई टेबलावर डोकं ठेवून हसल्या. आणि मग सगळ्या बायका एकदम नळाच्या वेळेवर आल्या. पाऊण तास कोणाला आवरेना. मागच्या दाराशी उभी राहून मी रडत होते, आनंदाने, चक्क हुंदके देऊन.

निकाल तिथेच लागला. तीन वर्षं मंजूर. नळाची वेळ ज्या त्या वस्तीतल्या बायका ठरवणार. जाताना पाहुण्या बाई माझ्यापाशी थांबल्या. "ते वाक्य फार सुंदर होतं. म्हणूनच मला शंका यायला हवी होती." आणि एक अट घातली — अहवालाच्या शेवटी माझी कबुली छापायची, माझ्या नावानिशी.

मॅडम गाडीत म्हणाल्या, "आता भाषणाच्या शेवटी मी काय म्हणू गं?" "सासूचं म्हणा." "म्हणेन!"

१ मार्च

छापून आला. शेवटच्या पानावर 'हे वाक्य कोणीही म्हणालेलं नाही, ते मी रचलं' आणि खाली माझं नाव. वीस वर्षांत पहिल्यांदा छापलेलं माझं नाव. पाचशे प्रती! मांडणीवाल्याने एक चौकट मुद्दाम रिकामी सोडलीय, आत बारीक अक्षरांत — 'इथे अजून कोणी बोललेलं नाही.' छाती दोन इंच फुगली.

उद्या आईला दाखवते. माझं नाव आहे म्हटल्यावर तरी वाचेल.

२ मार्च

आईने भिंग धरून शेवटचं पान वाचलं. दोनदा. "हे तू रचलंस?" म्हटलं, "हो." "काहीतरीच. हे माझं आहे. आपल्याकडे नळ आला, तेव्हा कठड्यावरून शेजारणीला म्हणाले होते. तू पाच वर्षांची, पायरीवर बसली होतीस." मग भिंग खाली ठेवून म्हणाली, "आणि मिळाली कुठली दुपार! सगळी तुला अक्षरं शिकवण्यात गेली."

लाल पेन्सिल घेतली. माझ्या नावाशेजारी, समासात लिहिलं — कोण म्हणालं? आई. कधी? मला लिहिता येत नव्हतं तेव्हा.