पिवळी करिझ्मा कोणाच्या नावे

मी, ज्योत्सना इश्वर सेलोकर, वय ६१ वर्षे, धंदा शिवणकाम व शेती, राहणार नाकाडोंगरी, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, हा कागद सकाळचा चहा घेऊन, ओसरीत बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून वळवलेलेही नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरण्याइतकी सवड मिळाली नव्हती.

माझे पती इश्वर हे सप्टेंबर २०२१ मध्ये वारले. नाकाडोंगरीत रस्त्याकाठी त्यांचे गाड्या दुरुस्तीचे दुकान होते. आम्हाला दोन अपत्ये. मुलगा प्रविण चाकणला कारखान्यात नोकरीस आहे. मुलगी गुंजन मोहाडीला दिली, तिथेच तहसील कार्यालयात लिपिक आहे. दोघांनीही मला कधी दुखावले नाही. पुढे कोणाला कमी मिळाल्यासारखे वाटले तर तो माझा राग समजू नये. ज्यांच्यावर राग आहे त्यांची नावे मी स्पष्ट लिहिली आहेत.

१. राहते घर प्रविण आणि गुंजन यांना समान. विकायचे झाल्यास दोघांनी एकमेकांच्या तोंडावर बोलून विकावे, फोनवर नाही.

२. धानाचे दोन एकर शेत, जे माझ्या नावे सातबाऱ्यावर आहे, तेही दोघांना समान. बांधावरचे मोहाचे झाड तोडू नये.

३. शिलाई मशीन शेजारच्या रिताला द्यावी. ती सध्या उसनी मशीन वापरते आणि वापरून झाल्यावर पुसून परत देते. पुसून परत देणारी माणसे कमी असतात.

४. माझे दीर मनिराम यांनी २०११ साली आमचा दहा नंबरचा टी-पाना नेला, तो आजतागायत आणला नाही. तो पाना आता त्यांच्याकडेच राहावा. याचा अर्थ मी त्यांना माफ केले असा कोणी घेऊ नये. पान्यापेक्षा मोठी गोष्ट पुढे लिहिली आहे.

५. मोटारसायकल. हिरो होंडा करिझ्मा, सन २००५, रंग पिवळा, पासिंग भंडाऱ्याचे. पती वारल्यावर कागद माझ्या नावे झाले आणि नोंदणीचे नूतनीकरणही मी स्वतः जाऊन केले. हे कलम लांब होणार आहे. साक्षीदारांनी बसून घ्यावे.

ही गाडी यांनी हौसेने घेतली. गावात तशी दुसरी नव्हती. रस्त्याने गेली की धानात वाकलेल्या बाया उभ्या राहून बघत. यांनी तिला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. मी फडक्याने टाकी पुसायला गेले तरी म्हणत, "राहू दे. तुले काय समजते त्यातलं?" गुंजन लहानपणी पाने उचलून द्यायला जायची, तर तिला म्हणत, "पोरीचं काम नाही हे." प्रविणला बोलावून बसवत, आणि त्याला त्यात काडीची गोडी नव्हती.

२००९ च्या जुलैत माझ्या माहेराहून, बपेऱ्याहून, निरोप आला, माझी आई सखाबाई शेवटच्या घटका मोजत आहे. दुपारची वेळ होती. यांनी त्या दिवशी कार्बोरेटर खोलून पोत्यावर मांडला होता. मी म्हटले, "चला ना, तसाच बांधा न् चला." हे मान वर न करता म्हणाले, "अर्धवट बांधत नाही मी. उद्या सकाळी जाऊ." मी पायीच नाक्यावर गेले. शेवटची एसटी निघून गेली होती. आई संध्याकाळी गेली. मी दुसऱ्या दिवशी पोचले ती मातीला. याबद्दल मी आठ वर्षे एक शब्द बोलले नाही. स्वयंपाक केला, डबा दिला, पण बोलले नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये यांना दुकानातच लकवा मारला. उजवे अंग गेले, वाचाही गेली. सगळ्या शब्दांतून दोनच उरले : "राहू दे." भूक लागली तरी राहू दे, दुखले तरी राहू दे. कोणते राहू दे कशाचे, ते आवाजाच्या चढउतारावरून मी ओळखायला शिकले.

दुकान बंद झाले. गाडी आठ महिने ओसरीत चादरीखाली उभी होती आणि हे खाटेवरून त्या चादरीकडे बघत पडून असत. तेव्हा मनिराम आले आणि यांच्या देखत म्हणाले, "वैनी, भंगारात द्या आता. बाईच्या हातानं कार्बोरेटर कधी बनला काय?" यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आले. पान्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणून वर लिहिले ती ही.

मी त्याच आठवड्यात चादर काढली. बॅटरी चार्ज करून आणली, पण गाडी घुरघुरायची आणि बंद पडायची. यांनी डाव्या हाताने खुणा केल्या, पाटीवर वाकडीतिकडी चित्रे काढली, आणि चार दिवसांत मी कार्बोरेटर बाहेर काढला. खालची वाटी उघडली तर आत जुन्या पेट्रोलचा हिरवट चिकटा बसलेला. पायलट जेट नावाचे पितळेचे बारीक नळकांडे असते, त्याचे भोक बुजले होते. मी शिवणकाम करणारी बाई, लगेच सुई उचलली. हे खाटेवरून ओरडले, "राहू दे!" सुईने भोक मोठे होते, मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते, हे मला नंतर कळले. झाडूच्या मऊ काडीने आणि पंक्चरवाल्याच्या हवेने ते साफ केले. गाडी धूर काढत सुरू झाली. हे डाव्या हाताने मांडीवर थाप मारत राहिले.

तिथून आमचा संसार परत सुरू झाला, असे लिहिले तर खोटे होणार नाही. दर रविवारी सकाळी मी गाडी त्यांच्या खाटेजवळ आणून सुरू करायची. इंजिन तापले की बारक्या पेचकसाने हवेचा स्क्रू फिरवायची, पाव आटा, म्हणजे पाव फेरा, आत, नाहीतर बाहेर. मशीनच्या दोऱ्याचा ताण जुळवतात तसेच ते काम आहे, फक्त इथे कापडाऐवजी आवाज बघायचा. आवाज कोरडा झाला की हे भुवई उचलत. जड झाला की ओठ दाबत. आणि बरोबर जागी आला की हळूच म्हणत, "राहू दे." पंचवीस-तीस वर्षांत त्या माणसाने माझ्या कोणत्याही कामाला इतके स्पष्ट बरे म्हटले नव्हते.

आता जे लिहिते ते कोणाला माहीत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात, आईच्या तिथीच्या दिवशी, यांनी भाताचे ताट डाव्या हाताने लोटून दिले. भात सगळ्या ओसरीत सांडला. मी तो गोळा केला, हात धुतले, गाडी सुरू केली, आणि जाणूनबुजून स्क्रू एक अख्खा आटा चुकीचा फिरवला. गाडी मिस मारू लागली. यांनी भुवई उचलली, मी बघितले नाही. ते "राहू दे, राहू दे" करू लागले, मी ऐकले नाही. ज्याला दुसरे काही उरले नाही त्या माणसाच्या कानापाशी मी ती गाडी दहा मिनिटे तशीच खोकलत ठेवली. मग ते रडू लागले, तेव्हा मी गाडी बंद केली आणि म्हटले, "माझी माय मरून राहिली होती, न् तुमी उठले नाही. काहून उठले नाही तुमी?"

ते बोलले नाहीत. त्यांना बोलता येत नव्हते म्हणून नाही. ते दोन शब्द त्यांना येत होते आणि त्यांनी ते वापरले नाहीत. त्यांनी डावा हात पुढे केला. मी पेचकस दिला. गाडी परत सुरू केली, त्यांना धरून खाली बसवले. डाव्या हाताने, तीनदा पेचकस पडला तरी, त्यांनी तो स्क्रू जागेवर आणला. मग किल्लीकडे बोट केले, माझ्याकडे केले, आणि रस्त्याकडे केले. बपेऱ्याच्या रस्त्याकडे.

तोवर मी ती गाडी फक्त अंगणात आणि बांधापर्यंत चालवली होती. रिताला त्यांच्याजवळ बसवून, पदर खोचून मी निघाले. माहेरी पोचले तेव्हा भावजय कलाबाई दारात आली आणि म्हणाली, "अगं बाई, कोण मेलं?" मी म्हटले, "कोणी नाही. मायले भेटायले आली." आईच्या फोटोपुढे बसले, चहा घेतला, आणि परत आले. आठ वर्षे उशीर झाला होता, पण गाडी कुठेही अडली नाही. घरी हे खाटेवर बसून होते. वळणावरच आवाज ओळखला होता, असे रिता म्हणाली.

२००९ ची गोष्ट मी त्या दिवशी सोडली. यांच्या नावे माझे काही येणे नाही.

६. गाडी कोणाला, याबाबत. प्रविणची इच्छा अशी की गाडी पुण्याला नेऊन, रंगवून, घराच्या हॉलमध्ये ठेवावी. तो म्हणाला, "आई, ती आता अँटिक आहे. चालवायची नाही, जपायची." त्याचे प्रेम मला दिसते. पण उभी गाडी आतून मरते. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असते, ते ओलावा धरते. महिनाभर उभी ठेवायची तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी कोरडी करावी लागते. साखळीला तेल, टॅपेटला माप, प्लगचा रंग बघणे, हे हॉलमध्ये कोण करणार? प्रविण, तुला यांचे हातातले घड्याळ आणि दुकानाच्या नावाची पाटी ठेवली आहे. ती भिंतीवर शोभते.

मागच्या संक्रांतीला गुंजन आली होती. मी अंगणात गाडी रेस करून बघत होते, मला सगळे ठीक वाटले. ती आतून, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, रेस वर गेल्यावर आवाज फाटून राहिला. तुले ऐकू नाही येत काय?" मला येत नव्हते. आम्ही कार्बोरेटर उघडला, तर आतल्या रबरी पडद्याला टाचणीएवढे भोक होते. तिला कोणी शिकवले नव्हते. बापाने हाकलून लावल्यावर ती दाराआड बसून ऐकत असे, हे तिने मला त्या दिवशी सांगितले.

पुढच्या आठवड्यात भंडाऱ्याला कान तपासले. डॉक्टर म्हणाले, वरच्या पट्टीतले आवाज जाऊ लागले आहेत, ते परत येणार नाहीत. टाकीवर हात ठेवून मी अजून अंदाज घेते, पण अंदाजावर गाडी चालत नाही. म्हणून हा कागद.

माझ्या पश्चात सदर मोटारसायकल, सर्व पाने, पुलर ही हत्यारे आणि यांची चित्रे काढायची पाटी यांसह, माझी मुलगी गुंजन हिला मिळावी. तिच्या सासूबाई सत्यभामाबाई यांना सुनेने अशी गाडी चालवणे पसंत नाही, असे कळते. त्यांना माझा नमस्कार. त्यांनी एकदा मागे बसून बघावे.

७. तेराव्याला मोठे जेवण करू नये. माझा फोटो लावायचा तर हसरा लावावा, आधार कार्डावरचा नको.

८. दुरुस्ती. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला तेव्हा ललिताबाई म्हणाल्या, "ज्योत्सना, तू अजून वीस वर्षं जगशीन. तोपर्यंत गाडी कोण ऐकन?" मी गुंजनला फोन केला. रविवार असल्याने ती दुपारी एसटीने आली. गाडी तिच्या नावे करण्याच्या अर्जावर मी सही केली, किल्ली दिली. ती म्हणाली, "आई, मंग तू काय करशीन?" मी म्हटले, "मी मागे बसीन. आता जा, साखळी पाहून घेजो."

त्यामुळे कलम ६ मधील वाटणी आजच अमलात आली असून ते कलम माझ्या मरणाची वाट बघत नाही. तो मजकूर मी खोडलेला नाही, कारण तो खरा आहे.

गुंजन फाटकातून बाहेर पडली तिथपर्यंत मला इंजिन ऐकू आले. त्यापुढे नाही. ललिताबाई रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि मला सांगत राहिल्या, "शाळा ओलांडली. वळणावर गेली. गिअर टाकला. अजून येऊन राहिला आवाज. चांगला येऊन राहिला."

त्यांनी जे ऐकले ते खरे मानून मी खाली सही करीत आहे.

सही : ज्योत्सना इश्वर सेलोकर

आमच्या समोर, शुद्धीत व राजीखुशीने, सही केली :

साक्षीदार १ : ललिताबाई भुरे, निवृत्त अंगणवाडी सेविका, नाकाडोंगरी
साक्षीदार २ : मिथुन बांते, किराणा दुकानदार, नाकाडोंगरी

ठिकाण : नाकाडोंगरी
दिनांक : ८ फेब्रुवारी २०२६