काठोकाठ भरलेली टाकी

बाबा,

तुमचा डोळा लागलाय म्हणून लिहून ठेवतेय. उठवलं असतं तर भांडण झालं असतं, आणि मला कामावर पोचायचंय.

गाडी गॅरेजमध्येच आहे. इंजिनाचा दिवा विझत नव्हता, पेट्रोलचा वास येत होता, म्हणून टाकीचं झाकण बदललं, व्हॉल्व्ह बदलला, मेकॅनिकला नाही नाही ते बोलले. आज त्याने गाडीखालचा कोळशाचा डबा काढून दाखवला. त्यात टाकीतली नुसती वाफ जायला हवी, तर डबा पेट्रोलने चिंब! म्हणाला, "पंपावर नळीचा खटका पडून पेट्रोल थांबल्यावरही कोणीतरी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतंय."

मी म्हटलं, मी तर कित्येक दिवसांत पंपावर गेलेच नाही, पेट्रोलचा काटा खाली येतच नाही, तोही बिघडलाय बहुतेक! तो हसला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी चालत कामावर जाते आणि मागे तुम्ही गाडी काढता. वर मला कळू नये म्हणून टाकी भरून ठेवता! गाडी चालवायची नाही असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं, तेव्हा "बरं बरं" कोण म्हणालं होतं?

खिळ्यावरची जादा किल्ली मी नेलीय, शोधत बसू नका. कुठे जायचं असेल तर सांगा. कुरकुर करेन, पण सोडेन.

ही चिठ्ठी मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलीय. तरी भिंग घ्यावं लागलंच ना? मग रस्त्यावरचं माणूस कशाने बघता?