खांबाला विचारलेला प्रश्न

२ मे
बावड्याच्या वाचनालयाचा ग्रंथपाल म्हणून आज रुजू झालो. मन उधाणलंय! चार हजार पुस्तकं, दगडी इमारत, दारासमोर उसाचा फड. भिंतीवर कुणा साहेबानं तांब्यावर कोरून छापलेलं जुनं चित्र आहे: पडका सभामंडप, एक अखंड खांब, रुंद उंबरा. गाव त्याला हिरण्यकशिपूची सभा म्हणतं. झाडलोट करणाऱ्या फुलाबाई दिवस मावळताना त्यावर चादर टाकतात. मला बजावलं, गुरुजी, तिन्हीसांजंला उंबऱ्यात बसू नगा, त्येचं काम तितंच चालतं. मी पोट धरून हसलो.

६ मे
व्याख्यान गाजलं. तीस वर्षं मी एकच सांगतो: भीती ही गुलामी आहे! ऐन तिन्हीसांजेला चित्र दारात आणलं, उंबऱ्यावर उभा राहिलो आणि चित्रातल्या खांबावर काठी हाणली. काच फुटली. गरजलो, आहे का यात तुमचा नरसिंह? टाळ्या! माझा जुना पट्टशिष्य रामहरी, याच गावचा, उंबऱ्यावर बसून शिट्ट्या मारत होता. काचा गोळा करताना फुलाबाई एवढंच म्हणाल्या, ह्योच सवाल आधी एका राजानं इचारला हुता. असाच खांबाला हाणून.

८ मे
खांबाला तडा दिसतो. काठीचा ओरखडा असेल. बोट फिरवलं. कागद गुळगुळीत आहे. रेघ छापलेली आहे.

९ मे
रामहरी गेला. घराच्या उंबऱ्यावर चहा पीत बसला होता, दिवेलागणीला. नुसत्या नखांनी पोट उभं फाडलं. चहाच्या कपात रक्त काठोकाठ. वनखात्याची माणसं म्हणाली, उसातला बिबट्या. मीही चौकात तेच ठासून सांगितलं.
पण आतडी दाराच्या चौकटीला बांधलेली होती. तोरणासारखी. बिबट्या तोरण बांधत नाही.

१० मे
खांब दुभंगलाय. चित्रातल्या उंबऱ्यावर कुणीतरी बसलंय. डाव्या मांडीवर रामहरी, पोट उघडं, तोंडात अजून शिट्टीची बोटं. उजवी मांडी रिकामी.
उद्या संध्याकाळी वाचनालयात पुन्हा भाषण ठेवलंय. फुलाबाई म्हणतात, उद्याचं भाषान मोडा, गाव सोडा, जीव ऱ्हायला तर मत ऱ्हाईल. पळालो तर माझी तीस वर्षं खोटी. नाही पळणार.

११ मे, संध्याकाळ
भाषणाला एकही माणूस नाही. दार लावून आत टिपणं काढत बसलो — वीज गेली — चित्रावर चादर आहे, पण चादर सपाट नाही —
अक्षर दिसेना. दार उघडून उजेडाला टेकलो. दिवस जवळजवळ बुडालाय. रस्त्यावरून फुलाबाई हात हलवून ओरडताहेत. गुरुजी, आत तरी व्हा न्हायतर भाईर तरी या —
उंबरा. मी उंबऱ्यावर —
उठवत नाही. दगड गार असतो. हा ऊबदार आहे. केसाळ. हा उंबरा नाही, ही मां