चाचणीच्या गोळ्या

उम्म अल हस्सम, बहारीन

प्रिय संघप्रिया,

सप्रेम जय भीम. तुझी हरवलेली बाटली सापडली. ईदच्या सुट्टीत तू तुमच्या औषधाच्या चाचणीच्या गोळ्या आम्हाला दाखवायला आणल्या होत्यास आणि जायच्या दिवशी त्या मिळेनात. आपण घर पालथं घातलं, तुझे पप्पा तर टॉर्च घेऊन सोफ्याखाली शिरले. परवा ती बाटली मला गाडीत स्टेपनीखाली मिळाली, निम्म्याहून जास्त रिकामी. मी अजून त्यांना काही बोललेले नाही.

संशय मला आधीपासून होता. जेवताना अर्धी भाकरी माझ्या ताटात सरकवायची आणि गॅस झालाय म्हणायचं. पँट ढगळ झाली, तर म्हणे हल्ली कापडच सैल येतं. मला वाटलं, बाहेर चापून येत असतील. म्हणून त्यांच्या ऑफिसातल्या जयप्रकाशना सहज फोन केला, तर तेच उलट साहेबांचं पोट कसं आहे म्हणून विचारू लागले. सलमानिया हॉस्पिटलात दुर्बिणीने पोट तपासायचं म्हणून ह्यांनी लीव्ह टाकली होती म्हणे, आणि आता बरं वाटतंय म्हणून मागे घेतली. मला कशाचाच पत्ता नव्हता. तुझे सुजीतकाकाही असेच पोट दाबत हसत राहिले आणि डॉक्टरकडे गेले तेव्हा उशीर झाला होता.

मग माझा संशय तुझ्या गोळीवर गेला. कोरियातल्या लोकांचा पोटदुखीवरचा पिढ्यान्पिढ्यांचा कडू काढा तुम्ही आटवून गोळीत बसवताय, एवढंच मला कळलं होतं. मी एक गोळी कोमट पाण्यात टाकून ओट्यावर ठेवली आणि जाता-येता बघत राहिले. साबुदाण्यासारखी फुगली, पण विरघळेना. पाणी मात्र संध्याकाळपर्यंत हळूहळू तपकिरी होत गेलं. औषध एकदम न सुटता दिवसभर थोडं थोडं सुटतं, असं तू सांगितलं होतंस, अगदी तसंच. मला तुझा अभिमान वाटला आणि त्याच वेळी धडकी भरली. गोळी टाकाऊ असती, तर दुखण्यानेच त्यांना कधीचं दवाखान्यात नेलं असतं.

मी भांडले तर ते हसण्यावारी नेतील. तू रागावलीस तर सॉरी म्हणतील आणि उरलेल्या गोळ्या दुसरीकडे लपवतील. बरं वाटण्यापेक्षा लेकीच्या औषधाने बरं वाटतंय, याचाच त्यांना जास्त आनंद आहे. तुझा फोन आला की ते शेजारी येऊन बसतात आणि माझा मोबाइलही त्यांच्याच हातात असतो. म्हणून हे पत्र. शेजारचे सलील ऑफिसच्या कामासाठी तुझ्या सोलला येताहेत, त्यांच्या हाती देते आहे.

एवढंच कर. त्यांना सांग की गोळी फसली, चाचणी बंद पडली, त्या काढ्यात काही दम नाही. इतकी वर्षं खपून केलेल्या कामाबद्दल हे खोटं बोलणं तुला किती जड जाईल, ते मला कळतं. पण तुझ्यावरचा त्यांचा विश्वास मोडल्याशिवाय ते दवाखान्याची पायरी चढणार नाहीत, आणि तो मोडणं माझ्या हातात नाही. तो तूच मोड, बाळा.

तुझीच,
आई