दारातली भिंत

बुधवार, ता. १४

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. बाबांचं जेवणखाण नीट चाललंय, गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. तीन वर्षांनी ताईचं पत्र बघून तू आधी शेवटची ओळ वाचशील, म्हणून आधीच सांगते, कुणाला काही झालेलं नाही.

पत्र एवढ्यासाठी की तुझ्या खोलीचं आतलं दार बुजवायला काढलंय. वापरात नाही आणि फटीतून गार वारा येतो. खोलीला जिन्याकडून दुसरं दार आहेच. सुतार म्हणाला, "विटा कशाला? दार बंदच ठेवून अलीकडून लाकडी पट्ट्यांचा सांगाडा उभा करू, वरून बोर्ड ठोकू. दोन दिवसांत भिंत." खोली तुझी, म्हणून तुला विचारावं... खरं तर विचारत नाहीये. पट्ट्या कालच उभ्या झाल्या.

मधेच उठून चहा टाकून आले. आज एका जागी बूड टेकत नाही.

वाऱ्याचं खोटं आहे. वारा गेली वीस वर्षं येतोय. बाबांना हल्ली विसर पडतो. मला कधी आई म्हणतात, कधी शेजारीण समजून "बसा" म्हणतात. तू मात्र लक्षात आहेस. "धाकटी कुठाय?" दिवसातून दहा वेळा. एकदा दार उघडून रिकामी खोली दाखवली, तर अनवाणीच रस्त्यावर तुला शोधायला गेले. तेव्हापासून मी सांगते, "आत झोपलीय, उठवू नका." झालं! दारासमोर खुर्ची टाकून बसतात. माझ्या हातून भांडं पडलं की ओठांवर बोट. मला ते बघवेना. दारच नसलं तर बसतील कुठे, हे माझं शहाणपण.

काल सुतार आला आणि बाबा खुर्चीतून उठले. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस. माझं नाव विसरले, पण ओळंबा नाही. पहिली पट्टी बघूनच म्हणाले, "तिरकी आहे." ओळंब्याची दोरी सोडून बघितलं, तर होतीच. मग कामच हातात घेतलं आणि तो बिचारा खिळे देत राहिला. किती दिवसांनी बाबा शीळ घालत होते! मीही खुशीत होते. जवळ जाऊन बघते तर मधल्या पट्ट्या लावलेल्याच नाहीत. वर एक आडवी ठोकलेली, खाली माणूस जाईल एवढी जागा मोकळी. सुताराने पट्टी पुढे केली, तर त्याच्यावरच खेकसले, "अरे शहाण्या, दाराची जागा सोडायला नको? पोर बाहेर कशी येणार?"

सुतार माझ्याकडे बघत राहिला. मी स्वयंपाकघरात पळाले.

ठमे, तू गेलीस असं मी चारचौघांत सांगते. तू गेली नव्हतीस, मी तुला घालवलं. लांबची नोकरी धरलीस म्हणून "परत तोंड दाखवू नकोस" म्हणाले. बाबांचं सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात पडणार, या भीतीने बोलले. नंतर तू फोन करायचीस, तेव्हा "बाबा झोपलेत" म्हणून ठेवून द्यायचे. तुला सांगायचं ते झोपलेत, त्यांना सांगायचं तू झोपलीस. फार लाज वाटते गं.

आज सकाळी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. धाकटी आत नाही, आणि ती माझ्यामुळे नाही. वाटलं, रडतील, नाहीतर पुन्हा रस्त्यावर धावतील. तर म्हणाले, "मग इथे काय बसलीस? जा, घेऊन ये."

सुताराला कळवलंय, बोर्ड आणू नको म्हणून. शेजारच्या मावशी दोन दिवस बाबांजवळ राहतील. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने मी पोचते. येऊन तुझं दार वाजवीन. उघडायचं की नाही, ते तू ठरव. या खेपेला मी काही ठरवणार नाही.

तुला घ्यायला निघालेली,
ताई